दोन गाड्या नीट चालतात, पन्नास आदळतात: गाडीमागे गाडीचे गणित

प्रश्न थोडक्यात असा. एका लेनमधून एकामागे एक जाणाऱ्या गाड्यांचे सिम्युलेशन लिहिले आहे. प्रत्येक गाडीचे त्वरण म्हणजे ०.६ गुणिले (पुढच्या गाडीचा वेग वजा स्वतःचा वेग). चालकाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो म्हणून हा वेगफरक १ सेकंदापूर्वीचा घेतला आहे. दोन गाड्या ठेवल्या तर मागची पुढचीमागे व्यवस्थित जाते. पन्नास ठेवल्या तर पहिलीने ब्रेकला नुसता पाय लावला तरी शेवटच्या गाड्या एकमेकींवर आदळतात. कोडमध्ये चूक आहे की मॉडेलमध्ये? मॉडेल चुकीचे असेल तर कोणते घ्यावे आणि त्यातले आकडे कुठून आणावेत?

कोड बरोबर आहे. या आकड्यांवर पन्नास गाड्या सुखरूप गेल्या असत्या तरच मला कोडचा संशय आला असता.

तुमचे समीकरण १९५८ सालचे आहे. जनरल मोटर्सच्या संशोधकांनी, म्हणजे चँडलर, हर्मन आणि मॉन्ट्रोल यांनी, खऱ्या चालकांना चाचणी रस्त्यावर एकामागे एक गाड्या चालवायला लावून ते बसवले. त्याचे भवितव्य एकाच गुणाकारावर ठरते: संवेदनशीलता (तुमचे ०.६) गुणिले विलंब (तुमचा १ सेकंद). हा गुणाकार सुमारे ०.३७ पेक्षा कमी असेल तर मागची गाडी डोलल्याशिवाय पुढचीच्या वेगाला येते. ०.३७ ते १.५७ या पट्ट्यात ती मागेपुढे डोलते, पण डोलणे विरते. १.५७ च्या वर विरतही नाही. हे झाले एका जोडीपुरते. रांगेची अट वेगळी आणि जास्त कडक आहे: गुणाकार ०.५ च्या आत हवा. तुमचा ०.६ आहे. म्हणजे जोडी स्थिर, रांग अस्थिर, आणि तुम्हाला दिसले ते नेमके हेच.

किती अस्थिर, तेही काढता येते. तुमच्या आकड्यांत सुमारे साडेआठ सेकंदांच्या आवर्तनाची लहर सर्वांत जोमाने वाढते, प्रत्येक गाडीमागे साधारण ८ टक्के. दोन गाड्यांच्या आलेखात ८ टक्के नजरेलाही येत नाहीत. पण विसाव्या गाडीपर्यंत ती लहर चौपटीच्या वर जाते आणि पन्नासाव्यापर्यंत चाळीस पटींच्या. पहिल्या गाडीच्या वेगात सेकंदाला अर्धा मीटर चढउतार असेल, तर शेवटच्या गाडीकडून समीकरण सेकंदाला २० मीटरचा चढउतार मागते. मग टक्कर होणारच.

आता विलंब ०.७ सेकंद करून गुणाकार ०.४२ वर आणला की झाले, असे वाटेल. तसे करू नका. लहरी थांबतील, पण मॉडेलमधला मूळ दोष तसाच राहील. या समीकरणाला दोन गाड्यांमधले अंतर माहीतच नाही. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या दोन गाड्यांमध्ये ३ मीटर अंतर असो की ३०० मीटर, वेग सारखे असले की त्वरण शून्य. शिवाय पुढे कोणी नसेल तर चालकाने काय करावे, यावर ते काहीच सांगत नाही. गाझिस, हर्मन आणि रॉदरी यांनी १९६१ साली संवेदनशीलता अंतर आणि वेग यांवर अवलंबून ठेवली. त्यातून एका गाडीचे गणित आणि संपूर्ण प्रवाहाचे गणित यांचा संबंध सुंदर जुळला. तरी वेगफरक शून्य की त्वरण शून्य, ही खोट तिथेही उरतेच.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नवे लोक इथेच भलत्या दिशेला जातात. तुमच्या मॉडेलची रांग अस्थिर आहे, हा दोष नाही. खरी वाहतूकही अस्थिर असते. जपानमध्ये सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २२ गाड्या २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार मार्गावर ठेवल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटरचा वेग राखायला सांगितले. अपघात नाही, सिग्नल नाही, रस्ता कुठे अरुंदही नाही. थोड्या वेळाने काही गाड्या थांबू लागल्या आणि तो थांबलेल्या गाड्यांचा पुंजका ताशी सुमारे २० किलोमीटरने प्रवासाच्या उलट दिशेला सरकत राहिला. या प्रयोगाचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे लहर वाढणे हे वास्तव आहे. पण खऱ्या रस्त्यावर ती ‘थांबा-निघा’च्या स्वरूपात येऊन स्थिरावते, तुमच्याकडे ती टक्करीपर्यंत जाते. दोष आहे तो या न थांबणाऱ्या वाढीत. तेव्हा मॉडेल निवडताना ‘यात लहरी येतात का’ एवढेच विचारू नका, ‘लहर मोठी झाल्यावर गाड्या काय करतात’ हे तपासा.

या वर्तुळातल्या कोंडीचे सर्वांत सोपे गणित १९९५ साली बांडो आणि सहकाऱ्यांनी दिले होते. प्रत्येक अंतराला एक योग्य वेग असतो; चालक त्या वेगाकडे ठरावीक गतीने सरकतो; बस. रांग स्थिर राहायची तर त्या अंतर-वेग वक्राचा चढ, सरकायला लागणाऱ्या वेळेच्या दुपटीच्या व्यस्तापेक्षा कमी हवा. शिकवायला यासारखे मॉडेल नाही. वापरायला मात्र अवघड. चालक १.५ सेकंदाचे ‘वेळेचे अंतर’ ठेवतो (म्हणजे पुढची गाडी आत्ता जिथे आहे तिथे तो १.५ सेकंदाने पोचतो) असे धरले, तर स्थिरतेसाठी सरकण्याचा वेळ ०.७५ सेकंदाच्या आत लागतो. मग मोकळ्या रस्त्यावर उभी गाडी सेकंदाला २० मीटर वेग गाठायला निघाली, की पहिल्या क्षणी तिचे त्वरण २७ मी/से² भरते, गुरुत्वीय त्वरणाच्या पावणेतीन पट. पुढच्या गाडीचा वेग न पाहता नुसत्या अंतरावर विसंबले की ही किंमत मोजावी लागते. म्हणूनच नंतरच्या सुधारित आवृत्त्यांत वेगफरकाचे पद पुन्हा जोडले गेले.

माझा सल्ला: सुरुवात इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेलने करा. ट्रायबर, हेनेके आणि हेल्बिंग यांनी ते २००० साली मांडले. पॅरामीटर (म्हणजे आपण ठरवायचे आकडे) मोजके, प्रत्येकाला रस्त्यावरचा अर्थ, आणि समीकरण एका ओळीत मावते:

त्वरण = कमाल त्वरण × [ १ − (वेग ÷ इष्ट वेग) चा चौथा घात − (हवे असलेले अंतर ÷ असलेले अंतर) चा वर्ग ]

यातले हवे असलेले अंतर असे:

किमान अंतर + वेग × वेळेचे अंतर + (वेग × वेगफरक) ÷ (२ × √(कमाल त्वरण × आरामशीर मंदन))

वेगफरक म्हणजे स्वतःचा वेग वजा पुढच्या गाडीचा वेग. अंतर म्हणजे पुढचीच्या मागच्या बंपरपासून आपल्या पुढच्या बंपरपर्यंत. गाडीची लांबी त्यात धरायची नाही. ही चूक फार दिसते.

आकडे घालून पाहू. इष्ट वेग ताशी १२० किलोमीटर, वेळेचे अंतर १.५ सेकंद, किमान अंतर २ मीटर, कमाल त्वरण १ मी/से², आरामशीर मंदन १.५ मी/से². रांगेत सगळे सेकंदाला २० मीटरने चालले असताना समतोल अंतर ३४.३ मीटर येते. त्यात ५ मीटर गाडीची लांबी मिळवा, की एका लेनमधून तासाला सुमारे १८३० गाड्या जातात. द्रुतगती मार्गाच्या एका लेनकडून साधारण अशीच अपेक्षा असते. म्हणजे आकडे जागेवर आहेत.

या मॉडेलची खरी करामत ब्रेक लावण्यात आहे. पुढे उभी गाडी दिसली तर आदळू नये म्हणून किमान किती मंदन लागेल? वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. याला गरजेचे मंदन म्हणू. समीकरणातले ब्रेकचे पद उघडून पाहिले तर त्याचा मुख्य भाग निघतो ‘गरजेच्या मंदनाचा वर्ग भागिले आरामशीर मंदन’. गरज १ मी/से² असेल तर मॉडेल सुमारे ०.६७ नेच ब्रेक लावते, म्हणजे जरा निवांत. मग गरज हळूहळू वाढत १.५ कडे जाते. गरज २ असेल तर ते सुमारे २.६७ ने ब्रेक लावते, गरजेपेक्षा जास्त, आणि परिस्थिती पुन्हा आटोक्यात आणते. दोन्ही बाजूंनी वाटचाल आरामशीर मंदनाकडेच. १०० मीटरवर उभ्या असलेल्या गाडीकडे सेकंदाला २० मीटरने जाणाऱ्या गाडीसाठी पूर्ण समीकरण −२.९ मी/से² देते. गरज २ चीच असते. तुमच्या जुन्या समीकरणात हा विचारच नव्हता, आणि तुमच्या गाड्या आदळत होत्या त्या यामुळेच.

लहरी हव्यात की नकोत, हे इथे कमाल त्वरणाने ठरवता येते. वरच्या आकड्यांत ते १ असताना दाट वाहतुकीत छोटी लहर रांगेत हळूहळू वाढते. २ केले की विरते. आळसावलेला चालक कोंडी वाढवतो, असा याचा सरळ अर्थ.

दुसऱ्या मॉडेलांबद्दल थोडक्यात. गिप्स यांचे १९८१ चे मॉडेल ‘पुढच्याने अचानक जोरात ब्रेक दाबला तरी मी थांबू शकेन असा वेग’ काढते. एमसन या सॉफ्टवेअरचा पाया तेच. क्राउस यांचे १९९८ चे मॉडेल त्याच्याच कुळातले, आणि सुमो या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मूळ निवड म्हणून तेच येते. व्हिसिम या सॉफ्टवेअरमध्ये वीडेमान यांचे १९७४ चे मॉडेल आहे. त्यात चालकाला लहान वेगफरक जाणवतच नाही आणि जाणिवेचा उंबरठा ओलांडल्यावरच तो काही करतो. माणसाच्या फार जवळ जाणारी कल्पना, पण पॅरामीटर इतके की ते डेटावरून ठरवताना घाम फुटतो. नागेल आणि श्रेकेनबर्ग यांचे १९९२ चे मॉडेल रस्त्याचे ७.५ मीटरचे चौकोन पाडते आणि १ सेकंदाच्या उडीत गाड्या पुढे टाकते. वाढ, ब्रेक, थोडी यादृच्छिक मंदावणूक, सरकणे, एवढेच नियम. पूर्ण शहराचे जाळे झपाट्याने चालवायचे असेल तर उत्तम. पण त्यात एका उडीतले त्वरण ७.५ मी/से² असते, तेव्हा त्यावरून इंधन, धूर किंवा अपघाताचा धोका काढायला जाऊ नका.

न्यूएल यांचे २००२ चे मॉडेल तर फारच साधे. कोंडीत मागच्या गाडीचा मार्ग म्हणजे पुढच्या गाडीचाच मार्ग, ठरावीक वेळेने आणि ठरावीक अंतराने मागे सरकवलेला. पण त्यातून एक अतिशय उपयोगी कसोटी हाती येते. कोंडीतली प्रत्येक गाडी लांबीसकट ७ मीटर अडवत असेल आणि १.५ सेकंदाने प्रतिसाद देत असेल, तर कोंडी मागे सरकण्याचा वेग ७ भागिले १.५, म्हणजे ताशी सुमारे १७ किलोमीटर. खऱ्या द्रुतगती मार्गांवर हा वेग सहसा ताशी १५ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात सापडतो. तुमचे मॉडेल कोणतेही असो, त्यातली कोंडी ताशी ४० किलोमीटरने मागे पळत असेल तर वेळेचे अंतर किंवा किमान अंतर बिघडले आहे हे नक्की. ही तपासणी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे डेटावरून आकडे बसवण्याच्या, आधी करा. डेटा नसतानाही करता येते.

‘आता विलंब कुठे घालू?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. आधी तीन काळ एकमेकांपासून वेगळे करा: चालकाचा प्रतिसादकाळ, त्याने राखलेले वेळेचे अंतर, आणि सिम्युलेशनची पायरी (संगणक दर किती सेकंदांनी नवी स्थिती काढतो). तिन्ही १ सेकंदाच्या आसपास असू शकतात म्हणून त्यांची गल्लत होते. गिप्सच्या मॉडेलमध्ये प्रतिसादकाळ आणि पायरी एकच असते (मूळ लेखात दोन तृतीयांश सेकंद), त्यामुळे तिथे पायरी बदलली की चालकच बदलतो. ट्रायबर यांच्या मॉडेलमध्ये विलंब नाहीच, आणि तरी ते बरेचसे माणसासारखे वागते. माणूस उशिरा प्रतिसाद देतो, पण तो दोन-तीन गाड्या पुढचे ब्रेकचे दिवेही पाहतो आणि पुढच्याचा वेग पुढच्या क्षणी काय असेल याचा अंदाज बांधतो. उशीर आणि अंदाज एकमेकांना बऱ्याच प्रमाणात खोडतात. नुसता विलंब घालून अंदाज वगळला तर तुम्ही माणसापेक्षा वाईट चालक तयार करता. घालायचे तर दोन्ही घाला, नाहीतर दोन्ही सोडा.

संगणकावर पायरी ०.१ ते ०.२ सेकंदाची ठेवा. त्वरण पायरीभर स्थिर धरून वेग आधी बदला आणि स्थान बदलताना त्वरणाचे अर्धे पदही घ्या. वेग ऋण जायला लागला तर गाडी पायरीच्या अधेमधे नेमकी कुठे थांबली ते काढून तिथेच उभी करा. नुसता वेग शून्य केला तर गाडी नेमक्या जागी न थांबता थोडी मागेपुढे होते.

आता आकडे कुठून आणायचे. इथे घाई केली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते, म्हणून जरा थांबून सांगतो. गाड्यांच्या मार्गांचा खुला डेटा मिळतो. अमेरिकेतला एनजीसिम (२००५ च्या सुमाराचा, आय-८० आणि यूएस-१०१ या मार्गांवरचा, दर ०.१ सेकंदाला नोंद) सर्वांत जास्त वापरला गेला आहे, आणि जर्मनीतला ड्रोनने टिपलेला हायडी २०१८ पासून उपलब्ध आहे. मोह असा होतो की डेटातून त्वरण काढावे आणि मॉडेलच्या त्वरणाशी जुळवावे. अजिबात नको. स्थानातून दोनदा फरक काढून त्वरण मिळते, आणि ०.१ सेकंदाच्या नोंदींत स्थानाची फक्त १ सेंटीमीटरची यादृच्छिक चूक त्वरणात सुमारे २.४ मी/से² ची चूक बनते. व्हिडिओतून काढलेल्या स्थानांत चूक सेंटीमीटरची नसते, त्याहून बरीच मोठी असते. एनजीसिमच्या मूळ नोंदींत कोणत्याही गाडीला न झेपणारी त्वरणे भेटतात ती यातूनच.

त्याऐवजी असे करा. पुढच्या गाडीचा मार्ग डेटातून जसाच्या तसा घ्या. मागची गाडी डेटातल्या पहिल्या क्षणाच्या स्थितीपासून मॉडेलने चालवा. मग मॉडेलमधले अंतर आणि खरे अंतर यांतला फरक कमीत कमी करा. तुलना वेगाची नाही, अंतराची. वेग छान जुळूनही अंतर १० मीटरने चुकलेले असू शकते. उलट अंतर संपूर्ण काळ जुळले तर वेग आपोआप जुळतो.

एवढे करूनही काही आकडे हास्यास्पद येतील. कोंडीतल्या डेटावरून इष्ट वेग ताशी ३०० किलोमीटर आला, तर दचकू नका. त्या चालकाला मोकळा रस्ता मिळालाच नाही, मग त्याचा इष्ट वेग डेटाला कसा कळणार? असा पॅरामीटर वाजवी मूल्यावर गोठवा आणि उरलेले शोधा. तसेच प्रत्येक पॅरामीटरची सरासरी काढून ‘सरासरी चालक’ बनवू नका. खऱ्या चालकांत पॅरामीटर एकमेकांशी जोडलेले असतात, आणि सरासरीतून निघालेला चालक त्यांच्यापैकी कोणासारखाच नसतो. सिम्युलेशनमध्ये विविधता हवी असेल तर एकेका खऱ्या चालकाचा संपूर्ण संच उचला. आणि तपासणी मात्र ज्यांवर आकडे बसवले नाहीत अशा चालकांवर, तीही रांग करून. एकेका जोडीवर उत्तम बसलेले मॉडेल रांगेत काय करते, हे तुम्ही आत्ताच पाहिले आहे.

लेन बदलणे हा वेगळा विषय, पण एक खड्डा आधीच दाखवतो. केस्टिंग, ट्रायबर आणि हेल्बिंग यांचा २००७ चा मोबिल नियम वापरायला सोपा आहे: लेन बदलून मला त्वरणात किती फायदा, मागच्यांना किती तोटा, त्या तोट्याला मी किती किंमत देतो, आणि नव्या लेनमधल्या मागच्या गाडीला असह्य ब्रेक तर लावावा लागत नाही ना. खड्डा पुढे आहे. कोणी तुमच्या पुढे १० मीटरवर, तुमच्याच सेकंदाला २० मीटर वेगाने घुसले, तर ट्रायबर यांचे वरचे समीकरण −९.४ मी/से² देते, म्हणजे ब्रेकवर उभे राहणे. खरा चालक फक्त अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो, कारण घुसणारा दूर जातोय की जवळ येतोय हे त्याला दिसते. याच तिघांनी २०१० साली यावर दुरुस्ती सुचवली: पुढच्याचे सध्याचे त्वरण तसेच राहील असे धरून धोका मोजायचा, आणि तो सौम्य असेल तर प्रतिसादही सौम्य ठेवायचा. लेन बदल असलेल्या कोणत्याही सिम्युलेशनमध्ये ही आवृत्ती घ्या, नाहीतर दर बदलामागे मॉडेल स्वतःच खोटी कोंडी तयार करेल.

आणि जिथे लेन पाळल्याच जात नाहीत, दुचाक्या फटीतून पुढे सरकतात, रिक्षा दोन रांगांच्या मध्ये चालते, तिथे ‘पुढची गाडी’ कोण हाच प्रश्न अवघड होतो. अशा ठिकाणी पुढे असलेली आणि रुंदीच्या दिशेने आपल्या वाटेत थोडीही येणारी प्रत्येक गाडी ‘पुढची’ माना, प्रत्येकीसाठी त्वरण काढा आणि त्यातले सर्वांत कमी लावा. बाजूला सोडायची जागा वेगाबरोबर वाढती ठेवा. सुमोमध्ये यासाठी लेनचे उभे पट्टे पाडून गाड्यांना आडवी हालचाल देण्याची सोय आहे. पण त्यासाठी डेटाही तसाच हवा: गाडीची रुंदी आणि रस्त्यातले तिचे आडवे स्थान दर क्षणाला नोंदलेले. लेनचा नुसता क्रमांक असलेल्या नोंदींवरून हे मॉडेल बसवता येत नाही, तेव्हा कॅमेरा लावण्यापूर्वीच हे ठरवून घ्या.